बादलीभर पाणी पुरते: सोलापूरच्या उन्हाळ्यात लहानग्यांचे पाण्याचे खेळ

एप्रिल उजाडला की बालवाडीत येणारे पालक मला हमखास विचारतात, की मुलांना पाण्यात खेळू द्यावे का. या प्रश्नामागे दोन काळज्या असतात. एक आजारपणाची आणि दुसरी, सोलापुरात अगदी स्वाभाविक असलेली, पाणी वाया जाण्याची. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, जिथे उजनी धरणात किती टक्के साठा उरला याची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते, तिथे मुलांच्या खेळासाठी पाणी काढून ठेवणे अनेक आयांना चैनीचे वाटते. मला मात्र वाटते, की अशाच शहरातल्या मुलांना पाण्याचे खेळ अगत्याने द्यावेत, फक्त ते बादलीच्या मापाने द्यावेत.

हल्ली बाजारात हवा भरून फुगवायचे रबरी तलाव मिळतात. चार फूट व्यासाच्या अशा तलावात वीतभर पाणी भरायचे म्हटले तरी २०० लिटरांहून अधिक पाणी लागते, आणि इतके पाणी भरून मूल त्यात करते काय, तर काठाशी बसून मग्ग्याने पाणी उपसते आणि पुन्हा त्यातच ओतते. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला पाण्यात डुंबण्यापेक्षा पाणी ओतणे, भरणे, पिळणे, गाळणे आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेणे यांत कितीतरी अधिक रस असतो, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी एक परात, एक घमेले, दोन-तीन तांब्या-गडू, नरसाळे, चहाची गाळणी, पिठाची जुनी चाळणी आणि एक बादली पाणी एवढे सामान पाच-सहा मुलांना पुरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मुलांच्या भोवतालच्या वस्तूंमधूनच शिक्षणाचे साहित्य उभे केले होते. त्या वाटेने जाणाऱ्याला महागड्या खेळण्यांची वाण भासत नाही.

आपल्याकडच्या खेळांतला माझा सर्वांत आवडता खेळ टॉवेलचा आहे. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे फासे असतात, त्यामुळे तो पाणी भरपूर शोषून घेतो. जुन्या टॉवेलचे हातरुमालाएवढे तुकडे कापावेत, एका बाजूला पाण्याने भरलेले घमेले आणि दुसऱ्या बाजूला रिकामे भांडे ठेवावे आणि मुलांना सांगावे, की तांब्या-पेल्याला हात न लावता सगळे पाणी पलीकडे न्यायचे आहे. मूल तुकडा बुडवते, धावते, पिळते आणि पुन्हा येते. पिळताना मनगट आणि बोटे यांना जो व्यायाम होतो, त्याचा पुढे पेन्सिल धरताना उपयोग होतो. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि बालवाडीच्या पहिल्या दिवसांत ती गप्प गप्प असतात. या खेळात मात्र ती विनासायास मिसळतात, कारण येथे काय करायचे ते शेजारच्या मुलाकडे पाहूनच कळते.

दुसरा खेळ शहाबादी फरशीचा आहे. रंगकामाचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी दिले, की मुले फरशीवर वाटेल ते काढतात. ओली फरशी काळसर दिसते आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते, की काढलेले चित्र पाहता पाहता विरून जाते. मोठ्या गटातल्या मुलांना मी ओल्या डागाभोवती खडूने रेघ मारायला सांगते आणि थोड्या वेळाने डाग रेघेच्या किती आत सरकला ते पाहायला लावते. पाणी कुठे गेले, हा प्रश्न ती स्वतःहून विचारतात. तेव्हा त्यांच्या ओल्या हातावर फुंकर घालावी आणि गार का वाटले असे विचारावे. माठातले पाणी थंड का होते, याचे उत्तर त्यांना तिथेच सापडू लागते. बाष्पीभवन हा शब्द पुढे शाळेत येईल, त्याची घाई नको.

ओतण्याच्या खेळात शिकण्यासारखे खूप आहे. बुटक्या वाटीतले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर चार वर्षांचे मूल बहुधा ठामपणे सांगते की पाणी वाढले. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांची ही समजूत अभ्यासून मांडली आणि साधारण सात वर्षांच्या आसपास ती बदलते असे दाखवले. म्हणून अशा वेळी मुलाला चुकीचे ठरवू नये, ते पाणी पुन्हा वाटीत ओतू द्यावे. प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली एक बारीक छिद्र पाडून दिले तर आणखी गंमत होते. झाकण घट्ट लावले की धार थांबते आणि सैल केले की सुरू होते. बाटलीला उभ्या ओळीत तीन छिद्रे पाडली तर सर्वांत खालच्या छिद्रातून पाणी सर्वांत जोराने बाहेर पडते, हेही मुले लवकर हेरतात. बर्फ द्यायचा असेल तर तो वाडग्यात गोठवलेला मोठा गोळा असावा, आत मोगऱ्याची दोन फुले घातलेली असावीत. फ्रीजमधले लहान चौकोनी तुकडे तोंडात जाऊन घशात अडकू शकतात.

आता वेळेविषयी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. भिंतीच्या आडोशाचाही त्या वेळी उपयोग होत नाही. त्यामुळे खेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यावा आणि तोही झाडाखाली किंवा छपराखाली. छतावरच्या काळ्या टाकीतले आणि उन्हात पडलेल्या रबरी नळीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते, म्हणून मुलांपुढे ठेवण्याआधी ते आपल्या मनगटावर घेऊन पाहावे. खेळाचे पाणी मुले पितातच, म्हणून ते स्वच्छ असावे, आणि खेळण्यापूर्वी व नंतर त्यांना आठवणीने पाणी किंवा पन्हे द्यावे, कारण अंग ओले असले की तहान त्यांच्या ध्यानात येत नाही.

यापुढची गोष्ट मात्र मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगते. लहान मूल अवघ्या काही बोटे खोल पाण्यातही बुडू शकते. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते, बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. पाणी रोज येत नसल्याने आपल्या घरांत हौद, पिंपे आणि बॅरल कायम भरलेली असतात. हा धोका खेळाच्या तासापुरता नाही, तो बारा महिने घरात आहे. हौदाला जड झाकण असावे, न्हाणीघराचे दार बंद असावे आणि खेळ चालू असताना एका मोठ्या माणसाने हातात मोबाइल न घेता मुलांपासून हातभर अंतरावर बसावे. फोन आला, दारात कोणी आले, तर मुलाला उचलून सोबत न्यावे. मोठ्या भावंडावर ही जबाबदारी टाकू नये. सहा-सात वर्षांच्या ताईचे लक्ष खेळाकडे जाणारच आणि तिच्यावर तो भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

खेळ संपला की पाणी घमेल्यात तसेच ठेवू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठवड्याभरात त्यातून नवे डास तयार होऊ शकतात. आमच्याकडे उरलेले पाणी मुलेच आपापल्या तांब्याने कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालतात. हा त्यांच्या लेखी खेळाचाच भाग असतो, त्यामुळे खेळ थांबवताना होणारी रडारडही पुष्कळ कमी होते. ज्या मुलाला झाड नेमून दिलेले असते, ते आपल्या वाट्याचे पाणी वाटेत सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी तांब्या धरून चालते, आणि हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

नळाला पाणी येण्याचा दिवस लांबला आणि घरात खरोखरच टंचाई असली, तर तीच भांडी, तेच नरसाळे आणि तीच चाळणी घेऊन मुलांना ओतायला कोरडी ज्वारी द्यावी. मालदांडी ज्वारीचे टपोरे दाणे नरसाळ्यातून सुरेख आवाज करत पडतात आणि मुले त्यातही रमतात. तीन वर्षांखालची मुले दाणे नाकात किंवा कानात घालतात, म्हणून त्यांना ज्वारीऐवजी तिचे पीठ परातीत पसरून द्यावे.