पॉइंट बत्तीस म्हणजे नेमके काय?

खानापूर तालुक्यातील आमच्या मामांच्या घरी खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि ठासणीची जुनी बंदूक यांच्या शेजारी कानपूरच्या कारखान्यात बनलेले त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्वरही पूजेला असते. मामा पूजेआधी ते उघडून दाखवतात. नळी बिजागरीवर खाली झुकते, सिलिंडरमधील काडतुसांची सहाही घरे समोर येतात, ती रिकामी आहेत हे घरातील दोघांनी पाहिल्याशिवाय हळद-कुंकू लागत नाही.

काही वर्षांपूर्वी याच रिव्हॉल्वरसाठी काडतुसे आणायला मी त्यांच्याबरोबर बेळगावला गेलो होतो. परवान्यावर केवळ '.३२ बोअर' एवढेच लिहिलेले होते आणि दुकानदाराने '.३२' छापलेला डबा पुढे ठेवला. मामांनी एक काडतूस उचलले, बुडाची कडा अंगठ्याच्या नखाने चाचपली आणि डबा परत सरकवला. "आकडा मागनं वाच, आधी कडा बघ," एवढेच ते मला म्हणाले. ती काडतुसे पिस्तुलाची, म्हणजे सिलिंडरऐवजी मॅगझिनमधून काडतुसे घेणाऱ्या शस्त्राची होती.

तेव्हापासून मी हा विषय लक्ष देऊन वाचत आलो आहे. .३२ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन) लाँग हे रिव्हॉल्वरचे काडतूस असून त्याच्या पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांडीची, लांबी सुमारे २३ मिलिमीटर आणि बुडाची कडा रुंद असते, कारण त्याच कडेवर ते सिलिंडरच्या घरात टेकून राहते. .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास पिस्तुलासाठी आखलेले काडतूस. त्याची पुंगळी १७ मिलिमीटरांची आणि कडा जेमतेम जाणवेल एवढी. दोन्हींची गोळी सुमारे ७.९ मिलिमीटर जाडीची, तरीही आखूड दिसणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसात दाब अधिक असतो. म्हणून, काडतूस सिलिंडरच्या घरात शिरले म्हणजे चालते, हा समज मला फार धोक्याचा वाटतो.

मुळात हा इंचांतला वाटणारा आकडा माप नसून नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही. .३८ इंच म्हणजे ९.६५ मिलिमीटर, परंतु .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाची गोळी भरते ९.०७ मिलिमीटर, आणि ३८ चा आकडा जुळतो तो गोळीशी नव्हे, तर पुंगळीच्या बाहेरच्या जाडीशी. .३५७ मॅग्नमची गोळी अगदी तेवढ्याच जाडीची असते. १९३५ साली ते काडतूस बाजारात आले तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक लांब ठेवली गेली, जेणेकरून ते .३८ च्या जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्वरमध्ये बसू नये. उलट .३५७ च्या रिव्हॉल्वरमधून .३८ स्पेशल चालते. गोळी दोन्हीकडे १०.२ ग्रॅमचीच घेतली, तरी .३८ स्पेशलच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण २३० मीटर आणि .३५७ च्या गोळीचा ३७५ मीटर, म्हणजे ऊर्जा अडीच पटींहून अधिक. यासाठीच निव्वळ जाडीवरून दोन कॅलिबरांची (.३२, .३८ अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या मापांची) तुलना करू नये. गोळीचे वजन, वेग आणि दाब एकत्र पाहावे. आपल्या शिवारातल्या बारा बोअरच्या बंदुकीचा हिशेब तर आणखी निराळा आहे. नळीच्या जाडीच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात म्हणून ती बारा, आणि आकडा वाढला की नळी बारीक होते.

मॉडेल नंबराचे प्रकरण याहून वेगळे, कारण त्याचा कॅलिबरशी थेट संबंधच नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५७ मध्ये नावांऐवजी नंबर दिले, तेव्हा 'मिलिटरी अँड पोलीस' हे मॉडेल १० झाले, ते .३८ स्पेशलचे, १९ हे .३५७ मॅग्नमचे आणि २९ हे .४४ मॅग्नमचे. पुढे स्टेनलेस पोलादाची रिव्हॉल्वरे निघाली, त्यांच्या नंबरात पुढे ६ आला. १० चे ६४, १९ चे ६६, २९ चे ६२९. सिलिंडर बाजूला काढला की त्याच्या दांड्याजवळ, एरवी झाकलेल्या जागी, हा नंबर कोरलेला दिसतो. तिथे कधी '१०-५' असेही असते. आपल्या उताऱ्यावर सर्व्हे नंबरापुढे हिस्सा येतो तसेच ते दिसते, पण येथे ५ म्हणजे वाटणी नव्हे, तर त्याच मॉडेलच्या रचनेत कारखान्याने केलेली पाचवी नोंदलेली सुधारणा. सुटा भाग मागवताना हा शेवटचा आकडा सांगितला नाही, तर न बसणारा भाग येऊ शकतो. सिरीयल नंबर मात्र निराळा. तो त्या एकाच शस्त्राचा असतो आणि परवान्यावर तोच जुळवून पाहतात.

बेळगावहून त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. पुढील नूतनीकरणाच्या अर्जात मामांनी मला '.३२ बोअर' खोडायला लावून '.३२ एस अँड डब्ल्यू लाँग, रिव्हॉल्वर, ७.६५ × २३ मिलिमीटर' असे पूर्ण लिहायला सांगितले. रकाना अपुरा पडला, तेव्हा उरलेली अक्षरे मी समासात लिहिली आणि त्यांनी त्याखाली सही केली.