मामांचा मागावरचा आवाज

विजापूरची गाडी ठरवताना मी गिऱ्हाइकाला एकच अट घालतो, पहाटे पाचला चाक हललं पाहिजे. सोलापूरपासून शंभर किलोमीटर, दोन तास खूप झाले. गोल घुमट सकाळी सहालाच उघडतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. सातच्या सुमाराला वर पोचलात तर घुमटात तुम्ही आणि पारवे, तिसरं कोणी नसतं. दहा वाजले की शाळांच्या सहली येतात, आणि मग जे ऐकायला गेलात ते सोडून बाकी सगळं ऐकू येतं.

ऐकतं कोण! डिसेंबरात एक भाडं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चाळीस वर्षं चादरीचे माग चालवलेले मामा, मामी, पुण्याहून आलेला मुलगा, सून आणि दोन नाती. ठरल्याप्रमाणे पाचला दारात गाडी लावली. आत मामी कडक भाकऱ्या बांधत होत्या, धाकटी नात अंथरुणात, मुलगा दाढी करतोय. मामा तेवढे टोपी घालून ओट्यावर तयार बसलेले. "या मालक, च्या घ्या!" असं म्हणाले आणि समोरच्या गल्लीतली कुत्री उठली. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसांचा आवाज घरी आल्यावरही खाली येत नाही, आणि कानही पहिल्यासारखे राहत नाहीत. त्यांच्या घरात भांडण चाललंय की गप्पा, हे बाहेरून कळत नाही.

निघालो साडेआठला. उशीर झाला तसा एक फायदाही झाला म्हणायचा. उसाच्या हंगामात त्या रस्त्याला अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. टाकळीच्या पुलावर भीमेचं धुकं बसलेलं असलं तर पुढचा ऊस थेट काचेवर येतो. तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर पाचला निघा, पण ऐंशीने हाणू नका.

वाटेत मी माझी नेहमीची गोष्ट सांगितली. अहमदनगरच्या निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा आपला सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आपण हुंड्यातलं गाव!" मागे सुनेने हसू दाबलं.

विजापुरात उतरलो तर पार्किंगला लाल बसेसची रांग. वर शुक्रवार. घुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, ते शुक्रवारी बंद असतं. मुलाला खास तेच बघायचं होतं, त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू कुलूप मीच लावलंय.

एरवी मी गाडीपाशीच थांबतो. पण मामांचे गुडघे दुखत होते, पोरींना सांभाळायला मुलगा-सून दोघंही लागत होती, म्हणून मी मामांबरोबर चढलो. आधी खालच्या दालनात थोडं थांबलो. एवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, तो सगळा भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी पेललाय. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या खुणेच्या, १६५६ साली वारलेला मुहम्मद आदिलशहा खाली तळघरात आहे. मामा मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात माग किती बसले असते?"

वर जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून आहे. मनोरा सात मजली, पायऱ्या उंच आणि जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याचा खांदा चढणाऱ्याला घासतो. म्हातारं माणूस बरोबर असेल तर भिंतीच्या बाजूने चढवायचं आणि प्रत्येक मजल्यावरच्या कमानीत वाऱ्याला बसवायचं. मागून कितीही ढकलाढकली झाली तरी उठवायचं नाही. पाण्याची बाटली खिशात मावेल एवढीच घ्या, दोन्ही हात मोकळे लागतात. चौथ्या मजल्यावर मामांचा श्वास फुलला. आम्ही बसलो. तेवढ्यात खालून एक सहल आली. त्यांच्या बाईंनी अख्खी रांग भिंतीला चिकटवून थांबवली आणि म्हणाल्या, "आजोबांना आधी जाऊ द्या." साठ पोरं मामांकडे टक लावून बघायला लागल्यावर मामा कसले बसतात! उरलेले मजले एका दमात चढले.

गच्चीवरून घुमटाच्या दहा फूट जाड भिंतीतून आत गेलं की गोल सज्जा लागतो. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की आवाज त्या गोलाईला धरून सरकत जातो आणि पलीकडच्या टोकाला कानात सांगितल्यासारखा ऐकू येतो. सकाळी आलात तर पलीकडे कागद चुरगाळलेलाही इकडे कळतो. आम्ही गेलो तेव्हा दोनेकशे पोरं एकदम स्वतःची नावं घेऊन ओरडत होती, आणि प्रत्येक नाव घुमटात सात-सात वेळा फिरत होतं. सून कानावर हात ठेवून दारातच उभी राहिली. धाकटी रडायला लागली. मामींना मुलाने हात धरून पार समोरच्या टोकाला नेऊन बसवलं.

मी मामांना म्हटलं, "भिंतीला तोंड लावा आणि हळू काहीतरी बोला, मामींना ऐकू जाईल."

मामांनी टोपी सारखी केली, छाती भरून घेतली आणि मागावर बोलतात तशी हाक मारली. "अगंऽऽ, ऐकू येतंय काऽऽ?"

त्यांच्या दृष्टीने ते हळूच होतं. पण तो आवाज वर गेला, फिरून आला, परत गेला. एकेक पोर गप्प होत गेलं. शिट्टी मारणाऱ्या एकाने बोटं तोंडातून काढली. शेवटचा 'का' विरला तेव्हा सगळ्या सज्जात चिटपाखरू बोलत नव्हतं. पहाटे असते तशी शांतता, भर बारा वाजता.

मी पटकन भिंतीला कान लावला. मामांनाही लावायला लावला. एवढ्या लांबून मामी बोलल्या ते माझ्या कानात स्वच्छ आलं.

"हळू बोला की ओ. लेकरं भ्याली."

मामा कान तसाच दाबून उभे, चेहरा उजळलेला. मी विचारलं, "आलं ऐकू?"

"आलं की! भाकरी म्हणतीया. चला खाली, भूक लागली असंल तिला."