वेदनेविना पोळलेली बोटे

देवगड तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी काम करत असताना, मासळी विकणाऱ्या चाळिशीच्या एक बाई उजव्या हाताची पोळलेली बोटे दाखवायला आल्या. जखम खोल होती, तरी ती साफ करताना त्यांनी हात जराही आखडला नाही. विचारल्यावर म्हणाल्या, "भाजला ता कळलाच नाय, डॉक्टरानू. वास इलो म्हणान बघलंय." मासळीवरच्या बर्फाचा गारवाही हाताला लागेनासा झाला होता.

न दुखणारी भाजल्याची जखम दिसली की आपल्याकडे कुष्ठरोगाची शंका आधी घ्यावी लागते, आणि ती घ्यायलाच हवी. पण अंगावर चट्टा नव्हता, कोपरामागची अल्नर नसही जाड लागत नव्हती. मधुमेहातला बधिरपणा बहुधा तळपायांपासून सुरू होतो. यांच्या पायांची संवेदना शाबूत होती आणि रक्तातील साखरही ठीक होती.

मग डोळे मिटायला सांगून एकेक संवेदना स्वतंत्रपणे तपासली. कापूस बोटांना टेकताच त्या 'हां' म्हणत. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचे कंपन मनगटाच्या हाडावर त्यांना जाणवत होते. बोट वर वळवले की खाली, हेही त्या अचूक सांगत. टाचणीचे टोक मात्र बोथट लागत होते आणि गरम व गार पाण्याच्या परीक्षानळ्यांत काही फरकच कळत नव्हता. बधिर भागाकडून चांगल्या भागाकडे टाचणी नेत, दोन टोचण्यांमधला वेळ मुद्दाम कमीजास्त करत मी सीमा आखली, तेव्हा दोन्ही हात, खांदे आणि छातीचा वरचा भाग असा, खांद्यांवरून शाल पांघरावी तसा पट्टा निघाला. दंडातील प्रतिक्षिप्त क्रिया येत नव्हती, गुडघ्याची नेहमीपेक्षा जोरात येत होती.

वेदना आणि तापमान वाहणारे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लवकरच मध्यभाग ओलांडून विरुद्ध बाजूला जातात, तर कंपन आणि सांध्यांची स्थिती सांगणारे तंतू मागच्या भागातून त्याच बाजूने लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागापर्यंत, चढतात. त्यामुळे मज्जारज्जूच्या मधोमध पोकळी वाढू लागली, की ओलांडणारे तंतू आधी निकामी होतात आणि स्पर्श बराच काळ टिकून राहतो. याच विकाराला सिरिंगोमायेलिया म्हणतात. ओपीडीच्या गर्दीत नुसता कापूस फिरवून कागदावर 'संवेदना नॉर्मल' असे लिहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या बाईंच्या बाबतीत तसे झाले असते, तर त्या मलम घेऊन घरी गेल्या असत्या.

गगनबावड्याचा घाट चढून त्या कोल्हापूरला गेल्या. एमआरआयमध्ये मानेच्या मज्जारज्जूत द्रवाने भरलेली लांबट पोकळी दिसली, आणि लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळच्या छिद्रातून खाली सरकलेला होता, म्हणजे कियारी विकृतीचा पहिला प्रकार. शस्त्रक्रियेने छिद्राजवळची ती जागा मोकळी करण्यात आली. विकार वाढायचा थांबला. हातांची गेलेली संवेदना बहुधा परतणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले होते, आणि ती परतली नाही. आता त्या चुलीवरचे भांडे सांडशीनेच उतरवतात आणि अंघोळीचे पाणी आधी पायाने पाहतात.