नागपूर ते धूपगड: अल्टिमीटरचं घड्याळ घेण्याआधी

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पचमढी. नागपूरहून पहाटे निघालं की दुपारचं जेवण पचमढीत होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे, पचमढी 1,067 वर आणि तिथल्या धूपगडाचा माथा 1,352 वर. एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ, तोही उंची ठाऊक असलेल्या ठिकाणांवरून. विदर्भातल्या माणसाला अल्टिमीटरचं, म्हणजे उंची दाखवणारं, घड्याळ पारखायला याहून सोयीची वाट नाही.

घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरतो, आणि त्यावरून घड्याळ हिशेब मांडतं. हा हिशेब समुद्रसपाटीला 15 अंश तापमान धरून केलेला असतो. विदर्भाच्या मे महिन्याशी त्याचा काय संबंध! तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. परिणामी नागपुरात 310 ही उंची लावून निघालेलं घड्याळ मेमध्ये धूपगडावर 80-90 मीटर कमी दाखवू शकतं. डिसेंबरात हीच चूक निम्म्याहून कमी होते. घड्याळ बिघडलं म्हणून दुकानात परत नेऊ नका. पचमढीत पोचल्यावर 1,067 लावा. मग धूपगडापर्यंतचा चढ जेमतेम 285 मीटर उरतो आणि चूक वीसेक मीटरवर येते.

उंची लावायला रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी उत्तम. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नागपूर आणि छिंदवाडा, दोन्हीकडे थांबून लावून घ्या. मात्र सकाळी दहाला लावलेलं दुपारी चारला तसंच राहणार नाही. आपल्याकडे या सहा तासांत दाब रोजच तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे जागेवर बसून 25-35 मीटर ‘चढ’ होतो.

म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न एकच: उंची हाताने, दोन-तीन बटणांत लावता येते का? दुसरा: बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, खरंच आहे का? खोक्यावर ‘उंची’ लिहिलेलं असलं तरी कित्येक घड्याळं ती फक्त जीपीएसवरून काढतात. गार्मिनच्या फोररनर 55 मध्ये बॅरोमीटर नाही, इन्स्टिंक्टमध्ये आहे. जीपीएसचे उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या अंतरापेक्षा मोठी असते. पचमढीजवळच्या चौरागडाच्या तेराशेक पायऱ्यांवर, झाडीखाली आकडा वरखाली नाचतो आणि एकूण चढ फुगतो. जीपीएस नकोच असेल तर सुंटो कोर किंवा कॅसिओ प्रो ट्रेक पुरे. सुंटो कोरची सीआर 2032 बॅटरी कुठेही मिळते आणि घरी बदलता येते. मुक्कामी ट्रेकला ही मोठी सोय आहे.

चालताना अल्टिमीटर मोड (दाब बदलला की उंची बदलली असं धरतो), तंबूत बॅरोमीटर मोड (उंची तीच धरून बदल हवामानाचा मानतो). स्वयंचलित मोड बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, पण घाटात जीपमधून उतरताना किंवा वादळ येताना फसतो. तेव्हा हाताने बदला. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारी यात्रेला जाणाऱ्यांनी तर हे नक्की शिकून घ्यावं. घड्याळ अल्टिमीटर मोडमध्येच राहिलं आणि रात्री दहाला 1,067 असलेला आकडा सकाळी दहाला 1,100 झाला, तर डोंगर वाढला नाही, दाब साडेतीन हेक्टोपास्कलने पडलाय. दहाची तुलना दहाशीच करा, म्हणजे रोजचा चढउतार बराचसा वगळला जातो. असा दाब पडत असेल तर पाऊस येऊ शकतो, ओढे ओलांडायचे बेत पुढे ढकला.

तापमानाच्या आकड्यावर मनगटावर असताना विश्वास नको, त्यात अंगाची ऊब मिसळते. काढून वीस-तीस मिनिटं सावलीत टांगा. आणि सेन्सरची बारीक भोकं! घाम, सनस्क्रीन, चिखल साचला की उंची अडकते, मग एकदम उडी मारते. कोमट साध्या पाण्याखाली धरा, वाळू द्या. टाचणी घालू नका. आतली पातळ चकती फाटली की सेन्सर गेलाच.