पर्सनल ट्रेनर लावताना एका चिठ्ठीपायी झालेला मनस्ताप

चांगली ट्रेनर मिळायला मला वेळ लागला नाही. व्यायाम अंगवळणी पडायलाही फार लागला नाही. या दोन्हींच्या मध्ये एक कागद होता, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचा, आणि त्यानं जो जीव खाल्ला, त्याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या वयाच्या कुणाला रक्तदाब असेल, मधुमेह असेल आणि तरीही जिममध्ये जायचं असेल, तर तो याच कागदापाशी अडणार. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं वय 57. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी हाडांची घनता तपासली, डेक्सा स्कॅन, तेव्हा टी-स्कोअर उणे 1.8 आला. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधला आकडा म्हणजे ऑस्टिओपेनिया. हाडं विरळ व्हायला लागलीत, पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत गेलेली नाहीत. मी डॉक्टरांना म्हटलं, "रोज रंकाळ्याला चालते की." ते म्हणाले, "चालणं सोडू नका, पण तेवढ्यानं भागायचं नाही. हाडांवर, स्नायूंवर वजनाचा ताण यायला हवा. आणि एकट्यानं नको, शिकवणारं माणूस बघा." जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच सांगणं आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. पहिलं मी करत होते, दुसरं कधीच केलं नव्हतं.

घराजवळच्या जिममध्ये चौकशी केली. तिथली एक मुलगी मला पाहताक्षणी पटली. ती मूळची कुरुंदवाडची. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाड म्हटलं की वेटलिफ्टिंग. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिथल्या मुलांनी कांस्यपदकं आणली. ही मुलगीही कॉलेजात असताना लिफ्टिंग करायची. तिनं आधी मला खुर्चीत बसायला आणि हात न टेकता उठायला लावलं, चाल बघितली, गुडघे विचारले. वजन किती कमी करायचंय, हे तिनं विचारलं नाही, हे मला फार आवडलं.

मग काउंटर. 24 सेशनचं पॅकेज, मुदत 90 दिवस. पैसे भरल्याशिवाय नोंदणीचा फॉर्म मिळत नाही, असा तिथला नियम. पैसे भरले. फॉर्मवर आरोग्याचे सात प्रश्न होते, जगभरच्या जिममध्ये वापरतात त्या पार-क्यू प्रश्नावलीतले. हृदयविकार किंवा रक्तदाब आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्यांचा त्रास आहे का, असे. मी खरं ते लिहिलं. दोन ठिकाणी 'होय' आलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल." रास्तच होतं. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आणलं. ते परत आलं: हृदयरोगतज्ज्ञांचंच हवं.

हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट केली, आणि मग लेटरहेडवर असं पत्र लिहून दिलं की मी ते जपून ठेवलं आहे. वजनाचे व्यायाम देखरेखीखाली करायला हरकत नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवणारी रक्तदाबाची गोळी, चालू असल्यामुळे नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज घेऊ नये. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. पाठ गोल करून जमिनीवरून काही उचलू नये. छातीत दुखलं, गरगरलं तर त्या क्षणी थांबावं.

हे पत्रही परत आलं! का, तर ते 'कंडिशनल' आहे. त्यांच्या फाइलला 'फिट फॉर ऑल जिम अ‍ॅक्टिव्हिटीज' अशी ओळ हवी होती. मी पुन्हा दवाखान्यात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, असं मी कुणालाच लिहून देत नाही. तुम्हाला तर नाहीच." त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाच पटलं. पण जिममध्ये ऐकायला कुणी तयार नाही. मॅनेजर बाहेर असतात, उद्या या. उद्या गेलं की 'हेड ऑफिसला विचारतो'. मेल करा, मेल केला, उत्तर नाही. आणि या सगळ्यात माझ्या पॅकेजचे दिवस मात्र पैसे भरल्या तारखेपासून मोजले जात होते. पंधरवडा संपला, पुढचा आठवडाही गेला, तरी मी दाराबाहेरच. काउंटरच्या काचेतून ती मुलगी दुसऱ्या कुणाला शिकवताना दिसायची आणि माझा संताप व्हायचा. व्यायाम करू द्यायचा नाही आणि मुदत मात्र चालू ठेवायची, हा कुठला न्याय?

त्याहून मला लागलेली गोष्ट वेगळीच. तो कागद ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. बीटा ब्लॉकरचं वाक्यच घ्या. बऱ्याच जिममध्ये 220 वजा वय असा हिशेब करतात. माझे कमाल ठोके त्यानं 163 येतात, आणि व्यायामात गाठायचे त्याचे सत्तर टक्के म्हणजे 114. पण या गोळीमुळे ठोके तितके चढत नाहीत. ट्रेनरला हे माहीत नसेल तर मशीनवरचा आकडा बघून तो म्हणणार, अजून वाढवा, अजून जोर लावा, आणि माणूस आतून पार थकलेला असणार. म्हणजे ते वाक्य हीच माझी सुरक्षितता होती, आणि काउंटरला नेमकं तेच खुपत होतं. 'सगळ्याला फिट' अशा कागदानं फाइल भरते, पण मला कसं शिकवायचं हे ट्रेनरला त्यातून काडीचंही कळत नाही.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या. एक, अर्ज लिहिला. विनाअट सर्टिफिकेट हवं हा नियम छापील दाखवा, नाहीतर हे पत्र स्वीकारा. आणि मुदत पहिल्या सेशनपासून धरा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. खाली लिहिलं की सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, सही-शिक्क्यासह. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स थेट त्या मुलीच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "काकू, मला हेच पाहिजे होतं. फिट लिहिलेल्या कागदाचं मी काय करू?" ती स्वतः मॅनेजरकडे गेली आणि पत्रातल्या प्रत्येक सूचनेपुढे आपण काय करणार हे लिहून खाली सही करून आली. चार दिवसांत मला मेल आला: पत्र मान्य, मुदत पहिल्या सेशनपासून. तो मेल मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

पुढचं सगळं सरळ झालं. श्रमाचा अंदाज ती शून्य ते दहाच्या पट्टीवर घेते: "किती वाटतंय?" मी पाच-सहा म्हटलं की ठीक. बोलता येतंय का, हीही एक खूण; एक अख्खं वाक्य दमाशिवाय पुरं झालं पाहिजे. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. वाकायला शिकवताना तिनं पाठीला काठी लावली. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे आणि वाकायचं ते खुब्यातून. 4 किलोच्या केटलबेलनं, म्हणजे वर कडी असलेल्या लोखंडी वजनानं सुरुवात केली, आज मी 16 किलोचं उचलते आणि पाठ सरळ असते. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या होत्या. ते दुखणं काही दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर मात्र ते वेगळं, ते लगेच सांगायचं.

अजून काही आठवतंय ते. ट्रेनर व्हायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा कोर्स कुठला केलाय ते विचारा: एसीई, एनएएसएम, के11 अशी नावं ऐकू येतील. सर्टिफिकेट बघायला मागा, आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा तातडीचा उपचार, शिकलाय का हेही विचारा. आधी मी हे विचारताना संकोचले असते, आता बिनधास्त विचारते. पॅकेजच्या मध्येच ट्रेनर नोकरी सोडून गेला तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. जिमच्या मशीनवर उभं करून चरबीचे टक्के छापून देतात, त्या कागदाला घाबरू नका. पाणी किती प्यालात, कधी जेवलात यानंही तो आकडा हलतो. बूट सपाट तळव्याचे घ्या, जाड मऊ तळव्यावर वजन उचलताना पाय डळमळतो.

बिल मात्र नीट तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरानं आकारणी दिसली तर तिथंच विचारा.

आणि डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायला जाल तेव्हा 'फिट आहे असं लिहून द्या' म्हणू नका. काय करायचं, काय टाळायचं आणि कधी थांबायचं, हे विचारा आणि तेवढंच लिहून घ्या. गोळ्यांची नावं त्यातच येऊ द्या. दोन प्रती काढा, काउंटरला एक आणि ट्रेनरला एक. गोळी बदलली की पत्रही बदलून घ्यायचं; माझी मार्चमध्ये बदलली, त्याच आठवड्यात नवं पत्र तिच्या हातात दिलं.