शेवग्याच्या शेंगांचं जपानी

मंडईतून घरी येताना पिशवीतून शेवग्याच्या शेंगा हातभर बाहेर आल्या होत्या. शेअर रिक्षात शेजारच्या बाईंना टोचू नयेत म्हणून मी त्या मुठीत धरून बसले, आणि डोक्यात एकच किडा: याला जपानीत काय म्हणायचं?

मराठीत हा प्रश्नच पडत नाही. शेंगा बाहेर, चादरीतून पाय बाहेर, दात पुढे, पोट पुढे. दोन शब्दांत आपला संसार भागतो. जपानी मात्र आधी चौकशी करते. वस्तू जागच्या जागी फुगवट्यासारखी पुढे आली असेल, भिंतीतल्या खांबासारखी, तर 'देप्पारु'. टोक काढून घुसली असेल, समुद्रातल्या भूशिरासारखी, तर 'त्सुकिदेरु'. 'तोबिदेरु'त तर चक्क उडी आहे. तिकडे गल्लीच्या तोंडाशी धावत्या पोराचे रंगीत फलक असतात, गाडीवाल्यांनी जपून चालवावं म्हणून. शिगा प्रांतात १९७३ साली निघालेल्या या पोराचं नावच 'तोबिदाशी बोया'. म्हणजे आपला एकदम रस्त्यात येणारा बंड्या.

माझा लाडका शब्द 'हामिदेरु'. मावत नाही म्हणून काठाबाहेर आलेलं. सँडविच दाबल्यावर कडेनं निघणारी चटणी, रंगवताना रेघेबाहेर गेलेला खडू. यावरूनच 'हामिदाशिमोनो': चारचौघांत न मावणारा माणूस. दोष माणसाचा की चौकटीचा, हे शब्द सांगत नाही. मला तो म्हणूनच आवडतो.

अशा माणसांचं पुढे काय होतं, त्याची म्हण प्रसिद्धच आहे: 'देरु कुइ वा उतारेरु'. इंग्रजीतून आलेल्यांनी तिचा खिळा केलाय, पण 'कुइ' म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. वर आला की हाणलाच. आपणही खुंटा बळकट करतो, पण हलवून! त्यावर तिकडच्या कुणा खट्याळानं पुस्ती जोडली आहे, की फारच वर आलेला खुंटा कुणी ठोकत नाही. हात पोचत नसावा.

असो. शेंगांचं मला जपानी शिकवणाऱ्या सेन्सेईंना विचारलं. पिशवीतून डोकावणारी कांद्याची लांब पात हे तिकडचं रोजचं दृश्य, त्यामुळे उत्तर तयार होतं. "तोबिदेरु चालेल, हामिदेरुही चालेल. तुम्ही शेंगेकडे बघताय की पिशवीकडे?"

रात्री जेवताना हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. त्याचं पोट पट्ट्यावरून ओसंडत होतं. देप्पारु की हामिदेरु, मी मन लावून ठरवत होते.

"बघतेस काय अशी?" तो म्हणाला. "आमटी वाढ. शेंगा जास्त घाल."