तुम्ही विचारलंत म्हणून: झाली का तयारी?

"काय मग, झाली का तयारी? बॅग भरली?" हे गेल्या महिन्याभरात मला इतक्या जणांनी विचारलंय, जिन्यात, भाजीवाल्याकडे, शाळेच्या ग्रुपवर, की आता एकदाच नीट सांगून टाकते. मी पुढच्या महिन्यात टांझानियाला चाललेय, डोडोमाजवळ एका शाळेत वर्षभर गणित शिकवायला, व्हॉलंटियर म्हणून. पगार नाही, राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो. (हो काकू, खरंच पगार नाही.)

बॅग दोन संध्याकाळींत भरली. पोलिस क्लिअरन्ससाठी मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात एक चक्कर झाली, आणि यलो फीवरची लस, ती निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, मग पिवळं कार्ड मिळतं ते आता आयुष्यभर चालतं. बास. घोळ झाला तो आईच्या खाऊचा. तिने मेतकूट, गोडा मसाला, भाजणी सगळं कॅरीबॅगेत घालून वर रबर लावून ठेवलेलं, आणि तिकडे 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यांनाही. आई म्हणाली बंदी तर इथे पण आहे की! आता हिला काय सांगू. शेवटी तुळशीबागेतून स्टीलचे डबे आणले, वजन दीड किलोने वाढलं, त्यापायी माझी दोन पुस्तकं बाहेर.

भाषेची भीती वाटत होती पण स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, चहाला चाय आणि पोळीला चपाती, म्हणजे उपाशी मरणार नाही. तिथली पोरं सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकतात आणि मग माध्यमिकला एकदम सगळं इंग्रजीत. मराठी मिडियममधून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको, मी त्यातलीच.

खरी तयारी चाललीय ती अप्पांची. घरातलं सगळं माझ्या मोबाईल नंबरवर आहे हे मला स्वतःलाच आत्ता कळलं, गॅस, लाईटबिल, दोघांची बँक, आईच्या थायरॉईडच्या गोळ्यांची ऑर्डर. अप्पा एकोणसत्तर वर्षांचे, चेकने व्यवहार करणारे, ओटीपीला अजून "तो आकडा" म्हणतात आणि आला की हॉलमधून मोठ्याने वाचतात, खालच्या मजल्यापर्यंत जातो. रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास क्लास. चिडतात. मीही चिडते, पोरांवर इतकी कधी चिडले नाही. मग त्यांनी जुन्या डायरीत पायऱ्या लिहून काढल्या, "1. हिरवे बटण. 2. थांबणे." थांबणेखाली दोन रेघा.

फोन कधी करायचा तेही ठरलं, तिकडचं घड्याळ अडीच तास मागे, आई दहाला झोपते, म्हणजे मला संध्याकाळी साडेसातच्या आत करायला हवा.

काल अप्पांनी डायरी समोर ठेवून पहिल्यांदा एकट्याने सिलिंडर बुक केला, मला खोलीत येऊ दिलं नाही. झाला पण. मेसेज मात्र माझ्याच फोनवर आला, नंबर बदलायचा राहिलाच होता. उद्या सकाळी आम्ही दोघं एजन्सीत चाललोय, डायरी घेऊन.